गाठ मारलेली चेन डावीकडे

सोमवारी सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी मागच्या खोलीतला दिवा लागलेला होता आणि आत्या उजव्या भिंतीवरून तिसरी चेन उतरवत होती. झाडं कापायच्या मशीनची चेन एका हाताने उतरवायची नसते. खिळ्यावरून सुटली की ती मनगटाला वेढा घालते, आणि या वेढ्याला दात असतात. आत्याने डाव्या हाताने खालचं टोक उचललं, उजव्याने वरचं सोडवलं आणि लोकरीची लड आवरावी तशी चेनची तीन वेटोळी केली. वेटोळ्यांच्या मधून तेलकट चिंधीची पट्टी गेली, म्हणजे दातावर दात घासणार नाहीत. मग सगळं एका खोळीत सरकवून तिने टिचबटण लावलं.

खोळ अग्निशमन दलाने टाकून दिलेल्या जाड पाण्याच्या पाइपची. बाहेरून कापड, आतून रबर, एक टोक दुमडून शिवलेलं. त्यातून तेल गळत नाही आणि दात बाहेर येत नाहीत. प्रत्येक खोळीवर पांढऱ्या दोऱ्याच्या टिपा आहेत. लहान मशीनच्या चेनला एक टीप, मधल्याला दोन, मोठ्याला तीन. झाडावर चढलेल्या माणसाला खाली बघायला लागू नये, बोटांनी चाचपून कळावं, म्हणून.

आत्याचं वय त्रेसष्ट. त्यातली सव्वीस वर्षं रेनकोटच्या कारखान्यात टोप्या शिवण्यात गेली. आठ वर्षांपूर्वी तिच्या भाच्याने झाडं कापायचा धंदा सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे एक मशीन, एक दोर आणि रंगाची एक रिकामी बादली होती. जादा चेन बादलीत असायच्या. एकदा आत्या सहज त्याच्याकडे गेली आणि बादलीत डोकावली. पाच चेनचा मिळून एक गोळा झाला होता. तो सोडवायला दुपार गेली, आणि सोडवेपर्यंत निम्मे दात एकमेकांवर घासून कामातून गेले होते.

"बाळ्या, याला तू सामान म्हणतोस?" आत्या म्हणाली. "मला वाटलं, भंगारवाल्यासाठी काढून ठेवलंयस."

त्या दिवशी बादली आत्याकडे आली. आता तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. चेन भिंतीवर गेल्या, आणि बाळ्या, ज्याला आज मिशा आहेत आणि हाताखाली सहा माणसं, अजून बाळ्याच आहे.

भिंतींचा नियम सोपा आहे. उजवीकडे धार लावलेल्या, डावीकडे धार लावायच्या. कामावर चेन बोथट झाली की खोळीतल्या चिंधीने तिला गाठ मारायची आणि तशीच परत पाठवायची. आत्या गाठ बघते, चेन डावीकडे टांगते, दुपारी घासते, पुसते, गोल कानस घेऊन एकेका दाताला धार लावते आणि उजवीकडे नेते. गाठ नसलेली चेन म्हणजे न वापरलेली, ती थेट उजवीकडे. उजवीकडे टांगण्याआधी ती दातांवरून अंगठा फिरवते. आडवा, उभा नाही. उभा फिरवला तर अंगठा राहणार नाही.

सहा वाजता गाडी मागच्या दाराशी थांबली. ती रोज थांबते. माणसं उतरतात, उभ्याउभ्या चहा घेतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, आदल्या दिवशीच्या खोळी आत येतात, आजच्या बाहेर जातात. वीस मिनिटांत गाडी निघते. आत्या एकटी राहते. तिच्या घरी दिवसभरात दुसरं फारसं कोणी येत नाही. त्या वीस मिनिटांना धक्का लागणार, हे तिला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं.

रविवारी भाचा आला होता. खुर्चीत बसला, चहा संपवला आणि कप खाली न ठेवताच बोलला, "आत्या, रागावू नकोस. आता पाच मशिनं झाली. तुझं मनगट दुखतं, ते तू लपवतेस आणि मला दिसतं. बाजारात धार लावायचं दुकान निघालंय. यंत्रावर काम. चेन खोक्यात घालून देतात. गाडी सकाळी सरळ तिकडूनच निघेल."

"आणि इथून?"

"इथे तू आराम कर."

"आराम," आत्या म्हणाली. हा एकच शब्द तिने अशा सुरात परत केला की भाचा कप धुवायला उठला. त्याने याआधी या घरात कधी कप धुतला नव्हता.

"ठरवलंयस?"

"नाही. या आठवड्यात ठरवू. दोघं मिळून."

"दोघं मिळून म्हणजे तू बोलणार आणि मी मान हलवणार."

"तू कधी मान हलवली आहेस आजपर्यंत?" भाचा म्हणाला, आणि दोघंही थोडं हसले. पण निघताना विषय तिथेच राहिला.

म्हणून सोमवारी चहा देताना आत्या नेहमीपेक्षा गप्प होती आणि नेहमीपेक्षा नीटनेटकी. काम मोठं होतं. बेकरीच्या गल्लीत एक वाळलेलं झाड भिंतीकडे कललं होतं. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. गल्ली बारा वाजेपर्यंत बंद ठेवायची परवानगी होती, त्यानंतर बेकरीच्या गाड्या सुटायच्या. तीन टिपांच्या तीन खोळी आत्याने स्वतः गाडीत ठेवल्या.

"आत्या, आज काय, खोळींना इस्त्री केलीत की काय?" झाडावर चढणारा म्हणाला. त्याला सगळे खार म्हणतात. गेल्या आठवड्यात तो चार दिवस रजेवर होता, पाय मुरगळला म्हणून.

"तुझ्या जिभेला करते, ये इकडे."

गाडीच्या मागच्या टोकाला बसलेला एकटा हसला नाही. तो फक्त "चहा छान होता, आत्याबाई" म्हणाला. त्याला कामावर येऊन तीन आठवडे झाले होते आणि नाव पडलं होतं पाहुणा. कारण तो विचारल्याशिवाय बसत नाही, आग्रह केल्याशिवाय बिस्कीट घेत नाही आणि करवत मागतानाही "जमलं तर" म्हणतो. आधी तो दुसऱ्या टोळीत होता. कापतो मात्र सरळ रेषेत, हे खारही कबूल करतो.

गाडी गेली. आत्याने भांडी विसळली, डाव्या भिंतीवरची मधल्या मशीनची चेन उतरवून बाकावरच्या पकडीत बसवली आणि कानस हातात घेतली. मनगट दुखत होतंच. दुकानाचा विचार तिने बाजूला सारला, तो पुन्हा आला, तिने पुन्हा सारला.

सव्वाआठला फोन वाजला.

"आत्या, चेन कापत नाहीये."

"मशीन तपास."

"मशीन ठीक आहे. पहिली बदलली, दुसरी घातली, तीच तऱ्हा. तिसरी पण. तिन्ही बोथट आहेत."

"शक्य नाही."

"आत्या, मी झाडासमोर उभा आहे."

"बाळ्या, या दारातून आजवर बोथट चेन गेलेली नाही. तुम्ही मातीत टेकवली असेल. नाहीतर बुंध्यात खिळा असेल."

"एकाच खिळ्याने तिन्ही खाल्ल्या?"

 मग तिने जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारला. "भुसा कसा पडतोय?"

"पिठासारखा."

धारदार चेन लाकडाच्या कपच्या काढते. पीठ पाडते ती बोथट. यावर वाद घालायला जागा नसते. आत्या खुर्चीवर बसली. तिला काळजी झाडाची नव्हती. हा सोमवार, हा आठवडा, आणि भाच्याला पटवून देण्यासाठी तिच्याकडे असलेली एकुलती एक गोष्ट, हीच, की तिच्या हातून बोथट चेन जात नाही.

"दुकानातून आणू का?" भाच्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"दुकान कधी उघडतं?"

"दहाला."

"मग दुकानाची वाट बघू नकोस. मी येते."

"गाडी अडकलीय, झाडाचा दोर तिलाच बांधलाय. येशील कशी?"

"बस आहे ना."

डाव्या भिंतीवर मोठ्या मशीनच्या दोन चेन होत्या, गाठ मारलेल्या. एवढ्या वेळात दोन होणार नव्हत्या. तिने एक घेतली. दातामागून दात, प्रत्येकाला तीन हात, एका बाजूचे सगळे झाले की चेन फिरवून दुसऱ्या बाजूचे. मनगटाकडे तिने लक्ष दिलं नाही. झाल्यावर अंगठा फिरवला. मग शेवटच्या दातापाशी थांबून पुन्हा एकदा फिरवला, आणि तेव्हा तिला आठवलं की रविवारची सुट्टी म्हणून शनिवारी संध्याकाळीच तीन खोळी परत आल्या होत्या, आणि तिने अंगठा फिरवलाच नव्हता.

गाठ नव्हती. चेन चकचकीत होत्या, ताजं तेल लावलेलं. वापरलेली चेन अशी दिसत नाही, तिच्यात भुसा आणि चीक अडकलेला असतो. मोठं मशीन काढावंच लागलं नसेल, असं समजून तिने तिन्ही थेट उजवीकडे टांगल्या होत्या. नियम तिचाच होता. स्वतःच्या नियमावर शंका कशाला घ्यायची?

धार लावलेली चेन आणि डावीकडे उरलेली दुसरी, दोन्ही खोळीत घातल्या, कानस वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सगळं भाजीच्या पिशवीत टाकून आत्या बस थांब्यावर गेली. आठ वर्षांत तिने चेन कधी खोलीबाहेर नेली नव्हती. माल भरून द्यायचा, वाहून न्यायचा दुसऱ्यांनी. आता बसमध्ये खिडकीपाशी बसून पिशवी मांडीवर घेतल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की आपण शिवलेली खोळ मांडीला कशी लागते. जड लागत होती, पण टोचत नव्हती. गतिरोधकावर बस उडाली तेव्हा आतून आवाजही आला नाही. चिंधीने काम केलं होतं. तेलाचा डाग पडलाय का, म्हणून तिने पिशवी उचलून साडी बघितली. डाग नव्हता. त्या सकाळी तिला बरं वाटलेली ही पहिली गोष्ट.

शेजारच्या बाईंचं लक्ष बराच वेळ पिशवीकडे होतं. "एवढं घट्ट धरून बसलात. दागिने आहेत का?"

"हो," आत्या म्हणाली. "भाच्याचे."

"लग्न आहे वाटतं त्याचं?"

"झालं. बारा वर्षं झाली. आता झाड कापतोय."

बाईंनी यावर थोडा विचार केला आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली होती. झाड उभं होतं. बुंध्यात वीतभर खाच, खाली पिवळसर पिठाचा ढीग. माणसं बेकरीच्या पायरीवर बसली होती आणि बेकरीवाल्याने त्यांना पाव दिले होते. पाहुण्याच्या हातातला पाव तसाच होता.

आत्याने कोणाशी न बोलता पिशवीतून खोळ काढली आणि भाच्याच्या हातात दिली. भाच्याने चेन पट्टीवर चढवली, ताणली, हाताने ओढून बघितली आणि मशीन सुरू केलं. पहिल्याच कापाला कपच्या उडाल्या. एक आत्याच्या चपलेवर येऊन पडली. जीव भांड्यात पडला तरी तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, कारण अर्धं काम बाकी होतं.

"त्या तिन्ही आण," ती खारला म्हणाली.

तिने पायरीवर बसून एकेक चेन मांडीवरच्या वर्तमानपत्रावर पसरली आणि अंगठा फिरवला. तिन्ही गुळगुळीत. आजच्या दोनचार कापांनी इतकी झीज होत नाही. या आधीपासूनच बोथट होत्या.

"शनिवारी खोळी कोणी भरल्या?"

"मी रजेवर होतो," खारने दोन्ही हात वर केले. "आई शप्पथ. माझा पाय विचारा."

"मी भरल्या, आत्याबाई," पाहुणा उभा राहिला. "मोठ्या मशीनच्या तिन्ही शनिवारी वापरल्या होत्या. वाळूत उगवलेलं झाड होतं, फार खाल्ल्या त्याने. मी त्या घासल्या, रॉकेलने पुसल्या, तेल लावलं. घाण परत द्यायला बरं वाटेना."

"आणि गाठ?"

"गाठ कशी मारणार? धार कुठे लावली होती?"

 मग भाच्याने मशीन बंद केलं.

पाहुण्याच्या जुन्या टोळीत गाठीचा अर्थ उलटा होता. जो धार लावेल त्याने गाठ मारायची. गाठ म्हणजे तयार, हात लावू नका. मोकळी म्हणजे वापरलेली. अकरा वर्षं तो असंच करत आला होता. इथे खार रजेवर जाईपर्यंत चेन त्याला खोळीतून निघून, खारच्या हातूनच मिळायची आणि परतही खारच भरायचा, त्यामुळे वेगळं काही आहे हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. आणि तो पडला पाहुणा. त्याने वापरलेली चेन धुऊनपुसून परत केली, शेजाऱ्याचं भांडं परत करावं तशी.

"म्हणजे तू तिला आंघोळ घालून पाठवलीस," खार म्हणाला, "आणि आत्यांनी तिला शाळेत बसवली."

"गप रे," भाचा म्हणाला.

पाहुण्याचे कान लाल झाले होते. "माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं."

"तू विचारतोस त्याहून जास्त कोणी विचारत नाही," आत्या म्हणाली. "तुझी चूक एवढीच, की तू माझ्यापेक्षा जास्त स्वच्छ निघालास. अंगठा मी फिरवला नाही. पाव खा, गार झाला." मग भाच्याकडे वळून, "फोनवर मी खिळ्याला बोल लावला. खिळा नव्हता."

हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. भाच्याने नुसती मान हलवली आणि झाडाकडे गेला.

पुढचं काम सरळ झालं. खार दोराचा ताण सांभाळत राहिला, पाहुणा बुंध्याशी होता. आत्या पायरीवर बसून वर्तमानपत्रातून कानस काढून दुसरी चेन घासत होती. पकड नव्हती, म्हणून चेन गुडघ्यांत धरली होती. बेकरीवाला दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "आजी, माझ्या पाव कापायच्या सुऱ्या..." आणि आत्याने मान वर न करता सांगितलं, "रांगेत उभा राहा."

दुसरी चेन लागली. अकराच्या सुमारास झाड गल्लीत आडवं झालं, भिंतीला न लागता, मग तुकडे करून कडेला ओढलं गेलं, आणि बाराला पाच मिनिटं असताना गल्लीच्या तोंडाची दोरी सुटली.

भाचा पायरीवर येऊन बसला. बेकरीवाल्याने चहा पाठवला होता. आत्याने कप दोन्ही हातांनी धरला. उजवा एकटा धरू शकत नव्हता. भाच्याने ते पाहिलं, आणि आपण पाहिलंय हे तिला दिसू दिलं.

"कालचं बोलायचं?" तो म्हणाला.

"बोल."

"दुकानात दिल्या असत्या तरी आज हेच झालं असतं. पाहुण्याने धुतलेली चेन त्यांच्या खोक्यात जाऊन पडली असती आणि उद्या मी तीच काढली असती. यंत्र धार लावेल. कुठली चेन यंत्रावर जायची, हे कोण सांगणार?"

"मी आज चुकले की."

"चुकलीस. मग बसने आलीस."

 गल्लीतून बेकरीची पहिली गाडी बाहेर पडली.

"पण मनगट तुझंच आहे," भाचा पुढे म्हणाला. "धार दुकानात. त्यावर मी हटणार नाही. भिंती, खोळी, भरणं, परत घेणं, ते तुझ्याकडे. दुपारी एकजण डावीकडच्या घेऊन जाईल, संध्याकाळी आणून देईल."

ही निम्मी हार होती आणि आत्याला ती कळली. कानस तिच्या हातात होती. कानशीच्या मुठीला कारखान्यातल्या जुन्या रेनकोटचं कापड गुंडाळलेलं आहे, आठ वर्षांत दोनदा बदललेलं. तिने ती वर्तमानपत्रात परत गुंडाळली.

"दुकानातून आल्या की आधी अंगठा."

"अंगठा तुझाच."

"आणि त्यांची खोकी माझ्या घरात नकोत. पुठ्ठा तेल पितो."

"नकोत."

"आणि अडीअडचणीला एखादी मी घरी घासली तर तू बोलणार नाहीस."

"बोलणार," भाचा म्हणाला. "पण तू ऐकणार नाहीस."

"मग ठरलं. दोघं मिळून," आत्या म्हणाली आणि चहा संपवला.

गाडीतून परत येताना तिला पुढची जागा मिळाली. पाहुणा मागून हळूच म्हणाला, "आत्याबाई, मग आता गाठ कधी मारायची? जमलं तर एकदा सांगा."

"बोथट झाली की. तुमच्याकडचं विसर."

"अकरा वर्षांची सवय आहे. हात आपोआप चालतो."

आत्याने यावर गल्लीच्या टोकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत विचार केला. माणसाचा हात आपोआप चालतो हे तिला सव्वीस वर्षांच्या टोप्यांनी शिकवलं होतं. बदलायचा तर हात बदलत नाही, कापड बदलावं लागतं. दुपारी तिने शिलाईचं मशीन काढलं. पाइपचा एक तुकडा कापला, त्याला बाहेरून रेनकोटचं पिवळं कापड लावलं आणि एकच मोठी पिशवी शिवली, खांद्याला अडकवता येईल अशी. वापरलेल्या चेन आता खोळीत परत जायच्याच नाहीत. गाठ मारलेली असो, मोकळी असो, धुतलेली असो वा मळकी, वापरलेली असेल तर पिवळ्यात. पिवळ्यात असेल ते डावीकडे.

संध्याकाळी खारने पिशवी खांद्याला लावून बघितली आणि शाळेत निघाल्यासारखा दारातून तीन वेळा आतबाहेर केलं. पाहुण्याने ती हातात घेऊन शिवण तपासली आणि विचारलं, "यात घालायच्या आधी धुतल्या तर चालतील का?"

"चालतील," आत्या म्हणाली. "तेवढंच माझं काम कमी."

कानस तिने बाकाच्या खणात ठेवली, टाकली नाही.

उद्या मंगळवार. नदीकाठच्या रस्त्यावर फांद्या छाटायचं काम आहे, मधली दोन मशिनं जातील, म्हणून दोन टिपांच्या चार खोळी दाराजवळ भरून ठेवल्या आहेत. गाडी सहा वाजता मागच्या दाराशी थांबेल.